डबी गप्प का बसली?

सकाळी नर्सने लसीचा फ्रीज उघडला आणि ती ओरडलीच. लहान मुलांची सगळी लस गोठून दगड झाली होती. ही लस एकदा गोठली की वाया. आणि फ्रीजच्या दारावरची डबी, जिने थंडी वाढताच बोंब मारायची, ती ढिम्म होती.

दुपारी हॉस्पिटलच्या तपासनीस बाई डबी बनवणाऱ्या कंपनीत थडकल्या. पारा चढलेलाच होता. साहेबांच्या केबिनमध्ये टेबलफॅन घरघरत होता, तरी साहेब घामाघूम.

"चूक सापडलीय," साहेब म्हणाले. "आमच्या छोटीची. आज संध्याकाळी तिला काढतोय. पत्र तयार आहे."

"वा! चौकशीच्या आधीच फाशी?"

छोटी म्हणजे तिथली सगळ्यात नवी प्रोग्रामर. ती बाहेर आपल्या टेबलाशी बसली होती, रडून रडून डोळे सुजलेले. बाई तिच्यापाशी गेल्या.

"काय केलंस तू?"

"दुरुस्ती केली, बाई. तापमान वाचणारी आमची एक लायब्ररी आहे, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा. कोड एकच, पण तो दोन तऱ्हेच्या कॉम्प्युटरसाठी आणि या डबीसाठी वेगवेगळा बिल्ड करावा लागतो, म्हणजे त्या त्या यंत्राला कळेल अशा रूपात आणावा लागतो. कॉम्प्युटरवर उणे तीन म्हणजे उणे तीनच दिसायचं. डबीवर त्याचं दोनशे त्रेपन्न व्हायचं. एवढं तापमान असूच शकत नाही, म्हणून डबी तो आकडा सोडून द्यायची. ते मी नीट केलं."

बाईंनी कोड वाचला. असल्या लायब्रऱ्या बनवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. दुरुस्ती चोख होती.

"मग बिल्ड कोण करतं?"

"मी," दादा म्हणाले. ऑफिसातले सगळ्यात जुने, गोड बोलणारे. छोटीसाठी पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते. "तिन्ही नव्याने बिल्ड केल्या. डबीची तर डबीवरच, इथे बसून, माझ्या डोळ्यांदेखत. पोरगी गुणाची आहे हो, पण नवीन आहे. होतं असं."

"आता करा. माझ्यासमोर."

"वेळ लागेल, बाई."

"मला घाई नाही."

टेबलावर तशीच एक डबी होती, तिच्यात बिल्ड सुरू झाला. पडद्यावर ओळी पळू लागल्या. बाईंनी डबीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. थोड्या वेळात पडदा काळा झाला.

"तापली की बंद पडते," छोटी पुटपुटली. "म्हणून बिल्डच्या वेळी पंखा लावतो."

टेबलावरच्या धुळीत पंख्याच्या बुडाएवढी गोल जागा स्वच्छ होती.

"कुठाय तो?"

छोटीने केबिनकडे पाहिलं. "साहेबांचा एसी बिघडला तेव्हा तिकडे नेला. नव्या बिल्डच्या आदल्या दिवशी."

बाई तडक केबिनमध्ये शिरल्या. "साहेब, हा पंखा मधे एकदा तरी परत दिला होतात?"

"नाही. कुणी मागितलाच नाही!"

बाईंनी प्लग खेचला, पंखा काखोटीला मारला आणि बाहेर आल्या. साहेब मागोमाग.

"दादा, पंख्याशिवाय ही अर्ध्यातच मान टाकते. पंखा केबिनमध्ये होता. मग तुमच्या डोळ्यांदेखत बिल्ड झाला कसा?"

दादांनी ग्लास खाली ठेवला.

"मी सांगते. झालाच नाही. मागच्या खेपेची तयार लायब्ररी उचललीत, तिला नव्या आवृत्तीचा नंबर चिकटवलात आणि दिलीत पाठवून. हिची दुरुस्ती त्या फ्रीजपर्यंत पोचलीच नाही. तिथली फाइल मी आणलीय. छोटी, जुनीशी ताडून बघ."

छोटीने ताडून पाहिली. "नंबर सोडला तर तंतोतंत तीच आहे," ती म्हणाली.

"काही मागायला गेलं की साहेब अंगावर येतात हो," दादा कसंबसं बोलले. "म्हटलं, पुढच्या खेपेला करू. फ्रीज गोठेल असं वाटलं नव्हतं."

"तिथवर भ्याड म्हणून सोडून दिलं असतं. पण नंतर? सगळं माहीत असून हिला पाणी पाजत होतात! पंखा मागायला घाबरलात, आणि पोरीचा गळा कापताना काहीच वाटलं नाही?"

"दादा, तुम्ही उद्यापासून..." साहेब गरजले.

"आवाज खाली! तुमच्या याच आवाजाला घाबरून माणूस पंखा मागत नाही. अहवालात तुम्हीही आहात."

पंखा डबीसमोर लागला. बिल्ड पुन्हा सुरू झाला आणि या वेळी शेवटपर्यंत गेला. छोटीने बर्फात मीठ कालवून सेन्सर त्यात खुपसला. उणे एक. उणे दोन. उणे तीन.

डबी किंचाळली. कानठळ्या बसतील अशी.

"बंद करा ते!" साहेब ओरडले.

"वाजू दे," छोटी म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "आणि ते पत्र आणा इकडे. मीच फाडते."