चौदाव्या प्रकरणातले बाबा

ती प्रकाशकांच्या ऑफिसात भांडायला आली होती, आणि भांडायला समोर कुणीच नव्हतं. प्रकाशक जेवायला गेलेले. खिडकीशी एक तरुण तेवढा कागदांत मान खुपसून बसला होता. बाहेर पाऊस… आणि तिच्या छत्रीचा ओघळ थेट त्याच्या बुटांकडे निघालेला.

"मुद्रितं तपासणारे काका कुठे भेटतील?"

त्याने छत्री उचलून कोपऱ्यात ठेवली. "काका… मीच."

धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. चार महिने तिच्या पहिल्या कादंबरीची छपाईआधीची पानं पाकिटांतून ये-जा करत होती. समासात तो पेन्सिलने शंका काढायचा, खाली ती लिहायची, ‘काका, आता चष्मा बदला!’ पुढचं पाकीट कधी येतंय याची ती वाट बघायची, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"बदलला चष्मा," तो म्हणाला. "कसा दिसतो?"

तिला हसू आलं, मग त्याचाच राग आला. "मला पुस्तक परत हवंय."

"आज चार वाजता छपाईला चाललंय ते!"

"म्हणूनच आलेय."

आणि मग साचलेलं सगळं भडाभडा बाहेर पडलं. बाबा विसाव्या वर्षी समुद्र ओलांडून आलेले, आई इथलीच. आत्या म्हणायची, पोरगी आईच्या माणसांवर गेली. मामा म्हणायचा, छे, बापावर! "मी धड ना इकडची, ना तिकडची. दोन्हीकडचे म्हणतील, हिला काय कळतंय आमचं? लिहिलंय ते खोटंच वाटणार सगळ्यांना…"

खणातून एक पान काढून त्याने तिच्यापुढे सरकवलं. "एक चूक राहिलीय. हे पान पाठवायचा धीर झाला नाही."

तिने वाचलं. अकराव्या प्रकरणात नायिकेचे वडील वारले होते. आणि इथे, चौदाव्यात, ती घर बदलत असताना — ‘बाबांनी खोकं उचललं. म्हणाले, जड कुठे आहे?’

सहा वेळा वाचूनही तिच्या नजरेतून हे सुटलं होतं.

"बघा," ती पुटपुटली. "बाप गेला हेसुद्धा जिच्या ध्यानात राहत नाही…"

"दहा वर्षं हे काम करतोय मी. नावं चुकतात, तारखा चुकतात. पण गेलेलं माणूस मुलीचं खोकं उचलायला इतकं सहज परत आलेलं कधी पाहिलं नव्हतं. इकडचं-तिकडचं मला कळत नाही हो. पण हे खोटं नाही. खोडायला हात धजेना माझा."

तिचे स्वतःचे बाबा गेले त्या दिवशी ती रडली नव्हती. तिला सवडच कुठे होती? दोन्हीकडच्या नातेवाइकांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि दिवसभर इकडचं तिकडे समजावून सांगत होती ती एकटी. आज दोन वर्षांनी, एका परक्या टेबलाशी, ती पोटभर रडली. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि शहाण्यासारखा खिडकीबाहेर बघत राहिला.

रडून झाल्यावर तिला फार हलकं वाटलं. तिने त्याची पेन्सिल घेतली आणि त्या ओळीपुढे लिहिलं, ‘ती उत्तर द्यायला वळली. मागे कुणीच नव्हतं.’

"आता जाऊ दे छपाईला," ती म्हणाली.

"जाईल…" त्याचा आवाज पडला. "म्हणजे आपली पाकिटं बंद. खरं सांगू? निम्म्या शंका मला नव्हत्याच."

"मग काढल्यात कशाला?"

"तुमचं उत्तर यावं म्हणून."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उगाच ती टेबलावरचा नसलेला डाग पुसत राहिली.

"रविवारी आईला हे प्रकरण वाचून दाखवायचंय," ती हळूच म्हणाली. "एकटीच्याने व्हायचं नाही. याल?"

"येईन की. पण आई विचारतील, हा कोण?"

"विचारेलच… तोवर ठरवू काय सांगायचं ते."

"माझं ठरलंय," तो म्हणाला.

तिने मान वर केली. "माझंही."