राखेतलं हाड

अपर्णा फ्रीगंजातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. नवस, अंगारे, कौल यांतलं काहीच तिच्या गळी उतरत नसे. धाकटा भाऊ चिन्मय बेपत्ता झाला तेव्हा आई, उषाताई, देवापुढे बसून राहिली. अपर्णानंच तिला उठवून पोलिसांकडे नेलं आणि तिचं रक्त द्यायला लावलं. कुठंही बेवारस प्रेत सापडलं की त्याचा डीएनए या रक्ताशी ताडून बघत. उत्तर दर वेळी तेच येई, जुळत नाही.

बारा वर्षं झाली तशी आईच म्हणाली, "मला आता सुटू दे ग. पालाशविधी करून टाकू."

देह सापडला नाही की पळसाच्या काड्यांचा सांगाडा बांधायचा, त्यावर जवाचं पीठ लिंपून माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. "काड्या जाळून काय कळणार आहे?" अपर्णा चिडली खरी, पण आईला एकटीला कशी सोडणार? गेली बरोबर.

शिप्रेकाठी ऊन रणरणत होतं. सुधाकर गुरुजींचे मंत्र चालले होते. उन्हानं पीठ तडकत होतं आणि आई तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून एकेक भेग लिंपत होती, लहान मुलाला तीट लावावी तशी. शेवटी तिनं चिन्मयचा आवडता भैरवगढी छापाचा कुर्ता त्याला घातला. अपर्णाला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी राख सावडताना अपर्णाच्या हाताला हाड लागलं. मनगटाजवळचं, माणसाचं. ते ओळखायला तिला पुस्तक उघडावं लागणार नव्हतं.

"आधीच्या चितेतलं असेल," गुरुजी म्हणाले, पण चितेचा ओटा त्यांनी आदल्या दिवशी स्वतः उभं राहून धुऊन घेतला होता.

कुणाचा तरी घातपात झाला असेल, या शंकेनं अपर्णानं हाड पोलिसांत दिलं. हवालदार दिलीपनं ते उलटसुलट पाहिलं. "जली हड्डी में से क्या निकलेगा, मैडम? फिर भी भेज देते हैं."

निघालं. हाड उषाताईंच्या पोटच्या मुलाचं होतं.

नमुन्यांची अदलाबदल झाली असणार, म्हणून अपर्णानं पुन्हा तपासणी मागितली. पुन्हा तेच. तिची झोप उडाली. वर्गात सांगाड्याचं मनगट दाखवायचं ती टाळू लागली. घरात दार वाजलं तरी ती दचकायची. आई मात्र सुटल्यासारखी झाली. पोलिसांनी परत दिलेलं ते हाड तिनं रामघाटावर पाण्यात सोडलं आणि घरी येऊन पोटभर जेवली. अपर्णाला त्याचाही राग आला.

एका रविवारी सकाळी अपर्णानं दार उघडलं.

चिन्मय उभा होता.

गेला तेव्हा होता तेवढाच, बावीस वर्षांचा. अंगात तोच कुर्ता.

"ताई," तो म्हणाला.

"कुठं होतास रे?" तिला रडू फुटलं. तिनं त्याचं मनगट गच्च धरलं.

बोटं आत रुतली. आत हाड लागलंच नाही.

तिनं हात सोडला. चार बोटांचे चार खळगे तसेच राहिले.

"त्याला इतकं जोरात नको पकडू ग," मागून आईचा आवाज आला.

ती तांब्या घेऊन आली होती. तिनं पाण्यात बोट बुडवलं आणि एकेक खळगा लिंपायला घेतला.