बावखलाला दिलेलं नाव

बेसिल तसा भित्रा नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मुंबईच्या एका कॉलेजात तो प्राणिशास्त्र शिकवायचा. बेडूक चिरण्यात त्याचा दिवस जायचा आणि भुताखेतांचा विषय निघाला की तो बशीतला चहा फुरकत गालात हसायचा. दिवाळीच्या सुट्टीतल्या त्या दुपारी तो वसईतल्या वटार गावच्या आपल्या वाडीतून बावखलाकडे निघाला, तेव्हाही हातात जाळी होती, एनॅमलचा पांढरा टोप होता आणि तोंडात शीळ होती. चार-सहा किडे पकडायचे आणि चहाच्या वेळेला घरी यायचं, एवढंच काम.

किडे मात्र साधेसुधे नव्हते. बावखल म्हणजे बागेला पाणी पुरवणारं जुनं तळं. वसईत पूर्वी जवळजवळ प्रत्येक वाडीला आपलं एक असायचं. बेसिलच्या बावखलात पाण्यावर गरगरत राहणारा एक काळा किडा होता. चिंचोक्याच्या निम्म्याएवढा, कडेला तांब्याच्या रंगाची बारीक रेघ. पोरं त्याला भिंगरी म्हणायची. या भिंगऱ्यांचे डोळे दुभंगलेले असतात. अर्धे पाण्याच्या वर बघतात, अर्धे पाण्याखाली. बेसिल लहानपणापासून त्या बघत आला होता. पण वर्षभरापूर्वी त्यानं सहज एक भिंगाखाली धरली, पुस्तकं धुंडाळली, जाणत्या लोकांना दाखवली आणि कळलं की ही जात शास्त्राला ठाऊकच नाही. तेव्हापासून गडी हवेत होता.

नव्या जातीचं नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. बेसिलनं आपल्या सहा वर्षांच्या लेकीचं नाव ठेवलं, फ्लॉसी. त्याला लॅटिनची शेपटी लागली आणि ते छापून आलं. या नावांचा एक नियम असतो. नाव साऱ्या जातीला मिळतं खरं, पण ते बांधलेलं असतं एकाच किड्याला. त्या एकाला टाचणी टोचायची, खाली नावाची चिठ्ठी लावायची आणि कायमचं जपायचं. तो जिथं, तिथं नाव. आणि एकदा छापलेलं नाव खुद्द देणाऱ्यालाही परत घेता येत नाही.

तो टाचलेला किडा सध्या बेसिलच्या कपाटात बुचाच्या पेटीत होता. सुट्टी संपली की तो संग्रहालयात जमा करायचा, सोबत आणखी चार-सहा द्यायचे. त्यावर त्याची डॉक्टरेट अवलंबून होती.

आता घरातला नियम सांगतो. बावखलावर कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही. मारायचीच झाली, तर मोडक्या रहाटाच्या खांबावर दांडा आपटायचा. थेरेसा आत्या, म्हणजे बेसिलच्या वडिलांची धाकटी बहीण, शेजारच्याच घरात राहायची. ती त्याला लहानपणापासून बजावत आली होती, "तिथं नाव घेव नको, बाबा. पाणी ऐकतं. आणि ऐकलेलं ठेवून घेतं." बेसिल ते हसण्यावारी न्यायचा.

त्या दुपारी बावखल अगदी निवांत होतं. केळीची पानं हलत नव्हती. कुठं कावळा नाही, कुठं मोटरचा आवाज नाही. पाण्यावर एकसुद्धा भिंगरी नव्हती. बेसिलनं काठानं एक फेरी मारली, जाळी फिरवली, शेवाळ तेवढं हाती आलं. तो कंटाळून गुडघाभर पाण्यात उभा राहिला. आणि मग, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, त्याला थट्टा सुचली.

"फ्लॉसी," तो हसत म्हणाला, "अगं ए फ्लॉसी…"

पलीकडच्या काठाच्या सावलीतून त्या निघाल्या. आधी चार-पाच, मग ओंजळभर, मग सगळं पाणी काळं झालं. माणसाची सावली पडली की भिंगऱ्या पळतात. या त्याच्याकडेच आल्या. त्याच्या पायांभोवती गरगरल्या आणि एकदम थांबल्या. भिंगरी कधी थांबत नाही, हे बेसिल वर्गात शिकवायचा. शेकड्यांनी दुभंगलेले डोळे वर त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचे खालचे अर्धे पाण्यातल्या त्याच्या पायांकडे. हवेत कच्च्या कैरीचा वास पसरला. भिंगरी हातात धरली की असा वास सुटतो, पण त्यानं तर अजून एकीलाही हात लावला नव्हता.

जाळी पुन्हा न बुडवताच तो बाहेर आला. उन्हाचा त्रास झाला असेल, असं स्वतःला समजावत तो भराभर चालत घरी पोचला.

अंगणात क्रुसाभोवती फ्लॉसी पळत होती. गोल, गोल, एकाच अंतरावरून, मान खाली घालून.

"कधीची पळते बघ ना," ओट्यावरून त्याची बायको रोझलिन म्हणाली. "माझ्याजवळ झोपली होती. मध्येच 'ओ, डॅडी' म्हणून उठली ती उठलीच."

घरापासून बावखलापर्यंत अख्खी केळीची बाग होती. तिथली हाक इथं ऐकू येणं शक्य नव्हतं. बेसिलनं लेकीला उचलून घेतलं. तिचे केस ओले होते, आणि केसांना कैरीचा वास येत होता.

"कुठं गेली होतीस गं?"

"कुठं नाय." तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तू हाक मारलीस ना?"

संध्याकाळी आंघोळ घालताना रोझलिननं त्याला हाक मारली. फ्लॉसीच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, एक काळानिळा ठिपका उमटला होता. "काटा टोचला की काय?" रोझलिन म्हणाली. बेसिलनं ठिपक्यावरून बोट फिरवलं. अशा किड्यांना टाचणी नेहमी उजव्या पंखातून टोचतात. हाही जगभरचा नियम, आणि पेटीतल्या किड्याला ती त्यानं स्वतःच्या हातानं टोचली होती.

सकाळी फ्लॉसी उठली नाही. पालथी पडून राहिली, हातपाय पोटाशी घेऊन, ताठ. ताप नव्हता. जवळच्या होळी गावातून डॉक्टर आले, छाती तपासली, जीभ बघितली, टॉनिक लिहून देऊन गेले. दुपारपर्यंत तिचा श्वास इतका बारीक झाला की रोझलिन तिच्या नाकाशी आरसा धरून बसली.

थेरेसा आत्या आली. पोरीच्या पाठीवरचा ठिपका तिनं पाहिला, केसांचा वास घेतला आणि बेसिलला बाहेर बोलावलं.

"तिथं नाव घेतलंस?"

बेसिलनं मागचं दार ओढून घेतलं.

"घेतलंस ना? मग परत घे!"

"ते… ते परत घेता येत नाही, आत्या. छापलंय."

छापलंय म्हणजे काय, हे आत्याला कळलं नाही. ती क्रुसाकडे बघत पुटपुटली, "मग पाण्यातलं पाण्याला देऊन टाक बाबा. पोरीला तरी सोडव."

बेसिल कपाटापुढं जाऊन उभा राहिला. तो एक किडा गेला, की सिद्ध करायला हातात काही उरणार नव्हतं. वर्षभराची मेहनत, डॉक्टरेट, पुढची बढती, सगळंच पाण्यात. हे सारं खुळचट आहे, असं त्याची अक्कल ओरडून सांगत होती. तेवढ्यात आतून रोझलिनचा आवाज आला, "बेसिल, आरशावर वाफ धरत नाय रे…"

त्यानं पेटी उघडली. मग चिमटीत धरून टाचणी वर ओढली.

आतल्या खोलीत फ्लॉसीनं खोल श्वास घेतला. त्याला तो भिंतीआडून ऐकू आला.

मग तो धावला. केळीची पानं तोंडावर फटकारत होती, पायातली चप्पल कुठं राहिली ते कळलं नाही. काठावर वाकून त्यानं मुठीतला किडा पाण्यावर ठेवला. वर्षभरापूर्वी मेलेला, सुकून कडक झालेला तो किडा काडीकचऱ्यासारखा तरंगत राहिला. हळूहळू सावलीतून बाकीच्या भिंगऱ्या आल्या. त्यांनी त्याच्याभोवती कडं केलं. कडं गरगरायला लागलं, आणि विस्कटलं तेव्हा मेलेला किडा कुठंच नव्हता. सगळ्याच गरगरत होत्या.

तो परतला, तेव्हा फ्लॉसी खाटेवर बसून चहात बटर बुडवून खात होती. पाठ कोरी होती, ठिपक्याची खूणही नव्हती. रोझलिन रडत होती आणि हसत होती. बेसिलनं पोरीला पोटाशी धरलं आणि तोही ढसाढसा रडला. गेली डॉक्टरेट तर गेली! एवढा आनंद त्याला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

तिन्हीसांजेला देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा झाली. रोझलिन मागच्या पडवीत कोंबड्या डालत होती. फ्लॉसी ओट्यावर त्याच्या पायाशी बसून खडे मांडत होती. खडे गोलात मांडत होती, पण लहान पोरं मांडतातच की. बेसिलनं क्रुसापुढं मेणबत्ती लावली.

"फ्लॉसी, चल, रोजरीला बसू."

तिनं मान वर केली नाही.

"फ्लॉसी…"

आता तिनं वर पाहिलं. मागं वळून पाहिलं, मग परत त्याच्याकडे. "डॅडी, कोणाला हाक मारतोस?"

तो हसायला गेला. पण हसू ओठांवर येईना. तो जिथं, तिथं नाव. ज्याला लेकीचं नाव बांधलं होतं, तोच किडा आपण पाण्यात सोडून आलो, हे त्याला त्या क्षणी उमगलं.

तेवढ्यात केळीच्या पलीकडून, बावखलाच्या बाजूनं, आवाज आला. बारीक, ओळखीचा, धावून धावून दमल्यासारखा.

"ओऽ… डॅडी…"

मागच्या पडवीत कोंबड्यांचा डालगा आपटला. "अरे बेसिल!" रोझलिन ओरडली. "ही पोर या वेळेला बावखलावर कशी गेली? आण तिला आधी!"

बेसिल जागचा हलला नाही. पायाशी बसलेल्या मुलीनं शेवटचा खडा मांडला. ओट्यावर कैरीचा वास दरवळत होता.

"जा ना, डॅडी…" ती म्हणाली. "तिला पोहता येत नाय."