पांढऱ्या मुठीचा वस्तरा

मोबाइल खाली ठेवा रे, त्या उजेडात सांगायला जमत नाही मला. आणि ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या मामाची आहे. मामाचं रंगाच्या कारखान्यासमोर दाढी-कटिंगचं दुकान होतं. त्याच्याकडे वस्तरे दोन. पांढऱ्या मुठीचा कारखान्याच्या मालकांसाठी, काळ्या मुठीचा बाकी सगळ्यांसाठी. पातं म्हणाल तर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवंच घालायचा. मग मुठी दोन कशाला, असं विचारलं की म्हणायचा, "मालक बघतात रे." मालकांनी कधी बघितलं होतं, देव जाणे.

तीन वर्षांपूर्वी, नऊ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी कारखान्याची टाकी साफ करायला उतरलेला माणूस आतल्या गॅसने कोसळला. वरचे नुसते ओरडत राहिले, आणि मालक शिडी धरून स्वतः खाली उतरले. का उतरले, ते सांगायला कुणी उरलं नाही. संध्याकाळी दोघांना बाहेर काढलं तेव्हा मालकांच्या मुठीत टाकीवाल्याचं मनगट होतं. सोडवायला दोन माणसं लागली.

रात्री सव्वाअकराला मालकांच्या मुलाचा फोन आला. सकाळी माणसं शेवटचं बघायला येणार, वडिलांची दाढी करून ठेवा म्हणाला. मामाने पांढरा वस्तरा पिशवीत टाकला आणि चालत दवाखान्यात गेला.

प्रेतं ठेवलेल्या मागच्या खोलीच्या पायरीवर टाकीवाल्याची बायको बसली होती, एकटीच. ती म्हणाली, "भाऊ, आत जातच आहात, तर यांचीही दाढी करा. आठवडाभराची वाढलीय. सकाळी पोरं येतील, त्यांनी असं बघायला नको."

मामा म्हणाला, "वहिनी, त्यांचा वस्तरा दुकानात राहिला."

हे सांगताना मामा दर वेळी थांबायचा. लाज वाटायची त्याला, शेवटपर्यंत वाटली. ती बाई सरकून बसली आणि त्याला वाट दिली.

वॉचमनने कुलूप काढलं आणि तो चहाला गेला. आत एकच ट्यूबलाइट. दोन टेबलं, दोन पांढऱ्या चादरी, मध्ये दोन हात अंतर. मामाने पायाला बांधलेली नावाची चिठ्ठी वाचली, मग चादर खाली केली. मालकच. रोजच्यासारखा फेस लावला आणि उजव्या गालाला सुरुवात केली.

गाल झाला. मामाने पातं फडक्याला पुसलं. वळून बघतो, तर गालावर खुंट जसेच्या तसे.

डोळ्यांवर झापड असेल, त्याला वाटलं. पुन्हा फेस, पुन्हा वस्तरा. हाताला केस कापल्याचं कळत होतं. कानाला ऐकू येत होतं. पुसून बघितलं...

खुंट तसेच.

तिसऱ्या खेपेला वस्तरा घाईने ओढला. कानाखाली पातं लागलं. नखाएवढी चीर. रक्त आलं नाही. मेलेल्याला येत नाही, हे मामाला ठाऊक होतं. पण पातं पुसताना त्याचं लक्ष फडक्याकडे गेलं.

मालकांची दाढी पांढरी होती.

फडक्यावरचे केस काळे होते.

मामाने हळूहळू मान वळवली... दुसऱ्या चादरीवर, गालाच्या जागी, ओला डाग.

त्याने चादर उचलली. टाकीवाल्याचा उजवा गाल साफ होता. कानाखाली चीर.

पिशवी उचलून पळावं, असं आलं मनात. पण दाराबाहेर पायरीवर ती बसली होती. तिला काय तोंड दाखवणार?

मामाने ब्रश ओला केला. त्याच पांढऱ्या मुठीने टाकीवाल्याचा डावा गाल केला. हनुवटी केली. ओठावरची जागा केली. मागे बघितलं नाही. मागून कुणी बघतंय, असं सारखं वाटत होतं... तरी नाही. शेवटी चेहरा पुसला, चादर नीट केली, आणि मग वळला.

मालकांचा चेहरा गुळगुळीत झाला होता.

बाहेर येऊन तो म्हणाला, "वहिनी, यांचीही झाली." तिने वर बघितलं. "वस्तरा तर दुकानात होता ना, भाऊ?" मामा खाली बघून पायरी उतरला. सकाळी पोरांनी बापाला बघितलं, स्वच्छ चेहऱ्याचा. काळा वस्तरा मामाने त्याच दिवशी फेकून दिला आणि पुढे पांढऱ्यानेच सगळ्यांची दाढी केली.

गेल्या श्रावणात मामा गेला. शेवटची दाढी मी केली, त्याच पांढऱ्या वस्तऱ्याने. मामा त्या रात्रीपासून मफलर का गुंडाळायचा, अगदी उन्हाळ्यातसुद्धा, ते मला तेव्हा दिसलं. उजव्या कानाखाली चीर होती. नखाएवढी. आत्ताच पातं लागावं तशी उघडी, आणि रक्ताचा एक थेंब नाही.