लातूरहून यायचा पार्ट

कळंबच्या स्टँडवर एसटीतून उतरताना रणधीरच्या बगलेतला कीबोर्ड निसटला अन् त्याची बटणं फरशीभर उधळली. दोन्ही हातांत सीपीयूचा जड डबा... वाकावं तरी कसं? पार्सल घ्यायला आलेली शिवरंजनी खाली बसली आणि एकेक बटण ओंजळीत गोळा करू लागली.

“दुरुस्तीला आणलाय का? माझंच दुकान हाय — त्या पलीकडं.”

रणधीर तेरखेड्याजवळच्या वस्तीवरचा. शेती करायचा. कॉम्प्युटर वडिलांचा, असं त्यानं दुकानात बसल्यावर सांगितलं. ते मास्तर होते. शाळेतल्या पोरांसाठी आपल्या आवाजात गोष्टी त्यात भरून ठेवायचे. ते जाऊन सहा वर्षं झाली, मशीनही बंद पडलं. आता त्याची आई, मथुराबाई, एकच म्हणत होती — एकदा त्यांचा आवाज ऐकव.

शिवरंजनीनं डबा उघडला. ब्रशनं पंख्यातली धूळ झाडली, रॅम काढून खोडरबरानं घासली, वायरी उपसून परत बसवल्या. रणधीर टॉर्च धरून उभा होता. उजेड मात्र सारखा तिच्या हातांवर सरकत होता.

“मशीन इकडं हाय,” ती म्हणाली.

“व्हय... दिसतंय की.”

ती हसली. त्या दिवशी काही मशीन सुरू झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळं पुन्हा खोललं, जोडलं — आणि पडदा उजळला. दुपारी तो येणार, मशीन नेणार... ती तशीच बसून राहिली. मग तिनं रॅम काढली अन् ड्रॉवरमध्ये टाकली. तो आल्यावर म्हणाली, लातूरहून एक पार्ट यायचाय, चार दिवस लागतील.

तो रोज येऊ लागला. दोघांनी कीबोर्डची उरलेली बटणं उचकटली, साबणाच्या पाण्यात धुतली, ताटात उन्हाला वाळवली. बसवताना तो मुद्दाम चुकायचा, ती त्याच्या बोटावर टिचकी मारायची. एकदा तिचा हात तिथंच राहिला... त्यानंही आपला काढला नाही.

पाचव्या दिवशी तो आला नाही. फोनही उचलेना. पंधरा दिवसांनी मोटारसायकल दारात थांबली, तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं. मथुराबाई सकाळी अंगण झाडता झाडता कोसळल्या, त्या उठल्याच नाहीत.

शिवरंजनीनं ड्रॉवरमधली रॅम परत बसवली. स्पीकरमधून मास्तरांचा आवाज आला, “ऐका रं पोरांनो...” रणधीर मान खाली घालून ऐकत राहिला. तिला राहवलं नाही.

“दुसऱ्याच दिवशी सुरू झालं होतं. पार्ट यायचाच नव्हता. तुमी येत राहावं म्हणून...”

“ठावं होतं मला,” तो हळूच म्हणाला. “त्या दुपारी डब्याला हात लागला. गरम होता. मलाबी यायचं होतं. आईला म्या तेच सांगत राहिलो — पार्ट यायचाय.”

तिनं पहिल्यांदाच त्याच्या नावानं हाक मारली.

“जीव हाय माझा तुमच्यावर,” तो म्हणाला. “पण तुमच्याकडं बघितलं, की आई ओसरीवर वाट बघत बसलेली दिसती.”

तिनं मशीन गाडीच्या कॅरिअरला बांधलं. गाठ पक्की होती, तरी ती पुन्हा पुन्हा ओढून बघत राहिली.

“जाऊ द्या आता,” तो म्हणाला.

तिनं हात काढून घेतला.