दारावरचा कॅमेरा

चिमट्याला तुम्ही पोरांनी पाहिलेलं नाही. काडीसारखा बारीक, त्यात हात लांबलचक, म्हणून चिमटा. माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानाला लागूनच त्याचा गाळा. घरोघरी कॅमेरे बसवायचा. भुताखेतांचं नाव काढलं की खो-खो हसायचा. त्यानं मला सांगितलं तसंच सांगतोय, पदरची मीठमिरची नाही. बाहेरचा दिवा कोणी मालवला रे? असू दे आता. जवळ सरका.

डिसेंबरातला दुसरा मंगळवार. रात्रीचे आठ वाजून गेले होते. गल्लीच्या टोकाच्या घरात एक निवृत्त नर्स एकटी राहायची. सत्तरी गाठलेली. सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. मुलगा परगावी नोकरीला. ती त्याला फोनवर सांगायची, रात्री दार वाजतं, उघडलं तर कोणी नसतं. शेवटी मुलगा वैतागला. कॅमेरा पाठवून दिला आणि चिमट्याला फोन केला.

"दादा, दारावर बसवा. कोण टारगट येतंय ते इथून मला दिसू दे तरी. आणि अंधार पडल्यावरच जा. रात्रीचं कितपत दिसतं ते मी बघतो."

कॅमेरा बसवणं म्हणजे चिमट्याच्या हातचा मळ. दाराशेजारच्या भिंतीला शिडी टेकवली, वर चढून कोपऱ्यात दोन स्क्रू मारले, झालं. शिडी तेवढी वाईट. एक पाय आखूड. वर चढलं की डुगडुगायची. खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली तरी तेच.

"अरे, धरू का मी?" सिस्टरनं आतून विचारलं.

"नको सिस्टर, सवय आहे. तुम्ही थंडीत बाहेर येऊ नका."

आता वायफायला जोडायचं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत राहिला. जोडेचना. चिमट्यानं पासवर्ड पुन्हा घातला. राउटर बंद करून चालू केला. कॅमेऱ्याच्या पोटातलं बारीक बटण टाचणीनं दाबून सगळं पुसून टाकलं, पहिल्यापासून सुरुवात केली. छे. मग काढला आणि आत राउटरपाशी नेला. लगेच हिरवा! उंबऱ्यापर्यंत आणला, हिरवाच. बाहेर कोपऱ्यात लावला... लाल.

"भिंत काय खाते की काय सिग्नल?" तो स्वतःशीच म्हणाला. पण फोनवर तर तिथंच वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या.

"सोड रे आता," सिस्टर म्हणाली. "त्याला नसेल यायचं फोटोत."

"कोणाला?"

तिनं दार लोटून घेतलं.

चिमटा हट्टी. त्यानं स्वतःच्या फोनचं इंटरनेट चालू केलं, कॅमेरा त्यावर जोडला. दोन-तीनदा लुकलुकला आणि हिरवा झाला. कानात इअरफोन घालून त्यानं शिडीवरूनच मुलाला फोन लावला.

"आलं का चित्र, साहेब?"

"आलं, आलं! झकास आहे. तुमचा खांदा दिसतोय, पायरी दिसतेय. थोडा खाली वळवा... बस्स. आणि दादा, माणूस बरोबर आणलात ते बरं केलंत. त्या पायरीवरून शिडी घसरते."

"माणूस?"

"हे काय, शिडी धरून उभे आहेत ते."

चिमटा हसणार होता. पण तेवढ्यात एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली.

शिडी डुगडुगत नव्हती.

मघापासून हलणारी ती शिडी... जमिनीत पुरल्यासारखी घट्ट.

तो एकटाच आला होता, पोरांनो. एकटाच.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "कसे... कसे दिसतात ते?"

"म्हणजे? तुमचाच माणूस ना? पांढरा सदरा आहे. मान खाली आहे, त्यामुळे चेहरा..." मुलगा थांबला. "आता वर बघतायत."

इअरफोनमध्ये नुसता श्वास.

"साहेब?"

चिमट्यानं इअरफोन कानात घट्ट दाबला.

"साहेब, बोला ना."

"दादा..." मुलाचा आवाजच बदलला होता. "खाली बघू नका."

शिडीची खालची पायरी करकरली.

मग वरची.

चिमट्यानं दोन्ही हातांनी भिंतीतली खाच धरली होती. थंडीत घामानं शर्ट पाठीला चिकटला. शिडी वाकली. दोन माणसांच्या वजनानं वाकते तशी.

आणखी एक पायरी.

इअरफोनमध्ये मुलगा अगदी लहान पोरासारखं म्हणाला, "बाबा?"

फोन तुटला. कॅमेऱ्याचा दिवा लाल झाला.

पायाशी काहीतरी हललं. गार. ओढत नव्हतं, धरतही नव्हतं. नुसतं... चाचपत होतं.

चिमट्यानं डोळे मिटले.

तेवढ्यात दार उघडलं. सिस्टर बाहेर आली. घाबरलेली नाही, की काही नाही. रोज जेवायला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली,

"अहो, उतरा बघू खाली. पोरगं घाबरलंय."

चिमट्याला वाटलं, आपल्यालाच म्हणतेय. मग लक्षात आलं. मघापासून ती त्याला अरे-तुरे करत होती.

एक पायरी करकरली. तिच्या खालची. मग शिडी हलकी झाली... आणि डुगडुगली.

तो कसा उतरला त्याचं त्यालाच ठाऊक. सिस्टरनं त्याला आत बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "आमचे हे याच दारावर दिवा बदलताना पडले, ते गेलेच. मी रात्रपाळीला, मुलगा शाळेच्या सहलीला. शिडी धरायला घरात कोणी नव्हतं."

"मग तुम्ही दार कशाला उघडता, सिस्टर?"

"दमून आलेल्या माणसाला बाहेर ठेवायचं का रे?"

मुलगा तिसऱ्या दिवशी आला. कॅमेरा स्वतःच्या हातानं काढला. आईला बरोबर चल म्हणाला. ती गेली नाही. मग तोच बदली करून घेऊन इथं राहायला आला. दार वाजतं का, हे त्याला कोणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

चिमटा त्या रात्री तडक माझ्याकडे आला. मी दुकान बंद करत होतो. दिव्याखाली खुर्चीत बसला, म्हणाला, "माझा बूट काढ."

तुम्हाला सांगतो, त्या माणसानं जन्मात कधी बुटाची नाडी बांधली नाही. लोंबत सोडायचा, फार तर आत खुपसायचा.

डाव्या बुटाची नाडी बांधलेली होती. दुहेरी गाठ. शाळेत जाणाऱ्या पोराला बाप घालून देतो तशी, आवळून. मी नखांनी सोडवायला गेलो. सुटेना. शेवटी कात्रीनं कापली.

उजव्या बुटाच्या नाडीला... नुसता एक वेढा पडला होता. अर्धवट.