साळुंख्यांचे तीन जास्त

मृत्यू कोणाशी भेदभाव करत नाही, असे पूर्वी निर्धास्तपणे म्हणता येई. श्वासपट्टी निघाल्यापासून तो कोणाशी किती भेदभाव करणार, हे रोज सकाळी कळू लागले.

फुफ्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या छातीवर, बनियनच्या आत, ही पट्टी चिकटवत. गाठ किती पसरली होती, वय, दम, तंबाखू, चालणे असे सगळे जमेला धरून ती एक आकडा दाखवी: तुमच्यासारख्या शंभरांपैकी दहा वर्षांनी किती जण असतील.

सांगलीतले निवृत्त प्राध्यापक टिल्लू यांचा आकडा एकसष्ट होता. बागेत फिरायला येणारे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते साळुंखे यांचा चौसष्ट. सर्जन एकच, कापलेला भागही तेवढाच. टिल्लूंनी जन्मात विडी ओढली नव्हती. साळुंख्यांनी तीस वर्षे ओढली होती. टिल्लूंना जेवण जाईना.

ते डॉक्टरांशी भांडायला गेले. डॉक्टर म्हणाले, ओढणारे म्हणून साळुंख्यांचा दरवर्षी स्कॅन व्हायचा. गाठ वाटाण्याएवढी असतानाच सापडली. तुमचा खोकला वर्षभर ॲसिडिटीच्या नावावर खपला.

"म्हणजे मी ओढायला हवी होती?"

"खोकला अंगावर काढायला नको होता. आता चाला. तेवढंच तुमच्या हातात आहे."

टिल्लू चालू लागले. दोन फेऱ्यांच्या चार झाल्या, चारांच्या आठ. बायको म्हणाली, देवळाला कधी एक प्रदक्षिणा घातली नाहीत. आकडा पासष्ट झाला, तर साळुंखे बाकावर बसून अडुसष्ट म्हणाले. अडुसष्ट झाला, तेव्हा एकाहत्तर. चारचौघांत शर्टाची बटणे काढून दाखवा म्हणायची सांगलीत पद्धत नाही. टिल्लूंनी दात आवळून आणखी एक फेरी मारली.

मग साळुंखे मुलीकडे हुबळीला राहायला गेले. आठवडाभराने टिल्लूंनी फोन केला.

"सत्तर झाला माझा. तुमचा?"

"पट्टी ना? ती मी दिवाळीतच काढली, सर. फार खाजायची."

"अहो, मग रोज सांगत होतात तो आकडा?"

"तुमच्यात तीन मिळवायचो. नाहीतर तुम्ही दुसऱ्या फेरीलाच घरी पळायचात."

टिल्लूंनी फोन ठेवला. सकाळी ते बागेत गेले, दोन फेऱ्या मारल्या आणि रिकाम्या बाकावर बसले.

दोन महिन्यांत आकडा एकसष्टवर आला.